शतकवीरांची खतावणी

एप्रिलचा पहिला पंधरवडा उजाडला, की शिरूरच्या एस. टी. स्थानकासमोरचे आणि दौंडच्या रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे फलक आपला वेष पालटतात. एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वीकारीत उभे असलेले भावी सरपंच आणि माजी नगरसेवक काही दिवस मागे सरतात, आणि त्यांच्या जागी, गळ्यात टाय, हातात काचेचे स्मृतिचिन्ह आणि पाठीशी उडत्या विमानाचे चित्र अशा थाटात, आपल्याच आळीतील चारदोन विमा प्रतिनिधी प्रकट होतात. त्यांत कोणी वर्षात शंभर पॉलिसी विकणारा 'शतकवीर' असतो, कोणी 'चेअरमन क्लब'चा सभासद असतो, कोणी नुसताच 'करोडपती एजंट' असतो, आणि या सर्वांच्या वर एखादा असा, की ज्याच्या नावामागे 'एमडीआरटी' ही अक्षरे वैद्याच्या पदवीप्रमाणे लागलेली असतात.

या मंडळींच्या पराक्रमाविषयी माझी तक्रार नाही. ऊन डोक्यावर घेऊन वाड्यावस्त्या पालथ्या घातल्याखेरीज शंभर माणसे विम्याच्या अर्जावर सही करीत नाहीत, हे मी जाणतो. परंतु ज्याचे सारे आयुष्य शाळेत गणित शिकविण्यात गेले, त्याला आकडा ऐकला की त्याचे एकक विचारण्याची खोड लागते. पाच म्हणजे पाच काय? मीटर, शेर, की रुपये? आणि विम्याच्या व्यवसायात जे आकडे उच्चरवाने सांगितले जातात, त्यांचे एकक सांगण्याची प्रथा नाही, व ऐकणाऱ्यालाही ते विचारणे अप्रशस्त वाटते, ही माझी तक्रार आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी मला आग्रहाने अशा एका सभेस घेऊन गेला. नगर रस्त्यालगतचे मंगल कार्यालय. आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान अजून उतरविलेली नव्हती, आणि वधूवरांच्या नावांवर एका विमा कंपनीचे कापड आडवे ताणलेले होते. खुर्च्यांवर साठसत्तर तरुण-तरुणी बसली होती, बहुतेक पदवीधर, बहुतेक बेकार, काही रांजणगावच्या कारखान्यांतून कंत्राट संपून परतलेली. व्यासपीठावरील गृहस्थांनी आरंभीच आपल्या मोटारीची किंमत सांगितली, मग बँकॉकची छायाचित्रे दाखविली, आणि शेवटी, आवाज किंचित खाली आणून, आपण दरमहा दीड लाख रुपये मिळवितो व हे सर्व बारावीला दोनदा बसूनही साध्य केले, असे निवेदन केले. टाळ्यांचा गजर झाला. तो ओसरताच मागच्या रांगेतील, मांडवगण फराट्याकडची, एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे दीड लाख खर्च वजा जाऊन, की खर्चासकट?"

उत्तर असे मिळाले, "ताई, असे निगेटिव्ह विचार असले, की माणूस आयुष्यात मागे राहतो." सभागृह हसले. मुलगी खाली बसली. मी मात्र त्या दिवशीपासून तिच्या प्रश्नाभोवती फिरत आहे. कारण एवढ्या मोठ्या सभेत हिशेब ज्याला म्हणता येईल असे ते एकच वाक्य उच्चारले गेले होते.

आता एककांचाच विचार करू. समजा, न्हावऱ्याच्या एखाद्या प्रतिनिधीने वर्षभरात एक कोटीचा 'बिझनेस' केला. एक कोटी ही विम्याची रक्कम होय. विमेदार दगावला अथवा मुदत भरली, तर कंपनीने द्यावयाची रक्कम. प्रतिनिधीच्या खिशाशी तिचा प्रत्यक्ष संबंध काही नाही. वीस वर्षांच्या नेहमीच्या बचतीच्या पॉलिसीला हजारी ५० रुपये हा हप्त्याचा ढोबळ दर धरला, तर या कोटीपोटी वर्षाला ५ लाखांचा हप्ता जमा होतो. या हप्त्यावर, आयुर्विमा महामंडळात दीर्घकाळ चालत आलेल्या दराने, पहिल्या वर्षी २५ टक्के कमिशन, आणि त्या कमिशनच्या ४० टक्के बोनस कमिशन, म्हणजे एकंदर ३५ टक्के मिळत, रुपये १,७५,०००. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के, त्यानंतर पाच टक्के. अर्थात विमेदाराने हप्ता भरला तरच. (२०२४ च्या ऑक्टोबरात पॉलिसी अर्ध्यावर सोडणाऱ्याला अधिक रक्कम परत देण्याचे नियम आले, तेव्हा पहिल्या वर्षीचा हा वाटा घटवून पुढील वर्षांचा वाढविण्यात आला, म्हणजे आज पहिल्या वर्षीची बेरीज याहूनही कमी भरेल.) फलकावरच्या एक कोटीचे वर्षाला पावणेदोन लाख, महिन्याला साडेचौदा हजारांच्या आसपास, आणि त्यातूनच पेट्रोल, मोबाइल, दिवाळीच्या दिनदर्शिका, चहापाणी, आणि ज्या गोष्टीचा उल्लेख व्यासपीठावर कधी होत नाही ती 'सूट'.

दुसरे उदाहरण त्याहून मासलेवाईक आहे. औद्योगिक वसाहतीसाठी अथवा रस्त्यासाठी जमीन गेली, मोबदल्याचे पन्नास लाख खात्यात आले, आणि त्या खात्याचा सुगावा लागताच सकाळी सातलाच दारात उभ्या राहिलेल्या प्रतिनिधीने ते एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीत घालविले, असे धरू. त्याच्या कामगिरीच्या पत्रकात 'प्रथम हप्ता उत्पन्न : ५० लाख' अशी नोंद होईल, सत्कार होईल, कदाचित क्लबही मिळेल, परंतु एकरकमी हप्त्यावर कमिशनचा रूढ दर दोन टक्के असल्याने त्याच्या हाती एक लाख पडेल, आणि पुढच्या वर्षी त्या घरातून एक पैही येणार नाही. कोटीवाला आणि पन्नास लाखवाला शेजारी शेजारी उभे करून अधिक कमावता कोण, हे फलक वाचून कोणीही सांगू शकणार नाही. आणि खरे सांगायचे तर फलक लावणाऱ्याचा तोच हेतू असतो.

'एमडीआरटी'ची कथा मनोरंजक आहे. 'मिलियन डॉलर राउंड टेबल' या नावाची ही संस्था १९२७ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरी ३२ विमा विक्रेत्यांच्या बैठकीतून उदयास आली, आणि वर्षाकाठी दहा लाख डॉलरचा विमा विकणे ही तिच्या सभासदत्वाची मूळ अट होती. दहा लाख डॉलरचा विमा विकणे! मिळविणे नव्हे. आज तिची पात्रता कमिशन, हप्ते अथवा उत्पन्न यांपैकी एका मापाने, प्रत्येक देशासाठी वेगळ्या आकड्याने ठरते, आणि अर्जदाराला आपल्या कामगिरीचा दाखला कंपनीकडून प्रमाणित करून द्यावा लागतो. म्हणजे तेथील बैठकीत बसण्यासाठी कागद लागतो. शिरूरच्या मंगल कार्यालयात लागत नाही. आणि 'मिलियन डॉलर' हे शब्द कानी पडताच आमचा श्रोता मनातल्या मनात डॉलरचा भाव लावून त्या गृहस्थाचे वार्षिक उत्पन्न आठनऊ कोटी ठरवून मोकळा होतो. वक्ता तसे म्हणत नाही, हे खरे. तो ते खोडूनही काढत नाही.

तर मग सामान्य प्रतिनिधीची प्राप्ती खरोखर किती? सुदैवाने या प्रश्नाला एक अधिकृत उत्तर उपलब्ध आहे. महामंडळाने अर्थ मंत्रालयाला सादर केलेल्या एका टिपणातील आकडे २०२४ च्या आरंभी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. देशातील सुमारे १४ लाख प्रतिनिधींपैकी महाराष्ट्रात १ लाख ६१ हजार, आणि त्यांचे सरासरी मासिक उत्पन्न १४,९३१ रुपये. संख्येने पहिल्या असलेल्या उत्तर प्रदेशात, १ लाख ८४ हजारांवर प्रतिनिधींत, ते ११,८८७. हिमाचल प्रदेशात सर्वांत कमी, १०,३२८. आणि सर्वाधिक अंदमान-निकोबारात, २०,४४६, जेथे प्रतिनिधीच मुळी २७३. बँकॉकच्या छायाचित्रांशेजारी हा १४,९३१ चा आकडा ठेवून पाहिला, की दोहोंतील अंतर कोणाच्याही नजरेत भरावे.

तरीही हा आकडा सरासरीचा आहे. कुकडीचे पाणी आटले असता टाकळी हाजीजवळच्या कुंडांवर जाऊन उभे राहावे : काठचा कातळ ठणठणीत कोरडा, आणि वीतभर अंतरावरचा रांजणखळगा पुरुषभर खोल. दोहोंची सरासरी काढली तर कमरेइतके पाणी येईल, आणि ते त्या साऱ्या पात्रात कोठेही सापडणार नाही. महाराष्ट्राच्या सरासरीत तीस वर्षे हा व्यवसाय करून जुन्या पॉलिसींच्या कमिशनावर स्थिरावलेला वयोवृद्ध प्रतिनिधीही आहे, आणि परवाना काढून मामा, मेहुणा व चुलतभाऊ यांच्या तीन पॉलिसी झाल्यावर जो थांबला तो तरुणही आहे. प्रतिवर्षी अशा तरुणांची भरती लाखोंनी होते आणि गळतीही लाखोंनी होते. पण गळतीचा फलक कोणी लावत नाही. १४,९३१ वरून नवख्याला काय मिळेल हे कळत नाही. आणि ज्याला ते कळण्याची सर्वाधिक गरज आहे, तो नवखाच मंगल कार्यालयात मागच्या रांगेत बसलेला असतो.

या गळतीची अर्धी कथा पॉलिसींच्या गळतीत आहे. महामंडळाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार, हप्त्यांच्या रकमेने मोजले तर पाच वर्षांनंतर साठ टक्क्यांच्या आसपास विमा चालू राहतो, आणि पॉलिसींच्या संख्येने मोजले तर निम्म्याच्या आसपास. निम्म्या! म्हणजे ज्या शंभर सह्यांवर शतक साजरे झाले, त्यांतल्या पन्नास पाच वर्षांत निकालात निघतात. विमेदाराचे भरलेले पैसे बहुतांशी बुडतात आणि प्रतिनिधीचे पुढचे कमिशनही बुडते. शिल्लक राहते ते काचेचे स्मृतिचिन्ह. आमच्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत या गळतीला हंगाम असतो. येथला हप्ता बहुधा उसाच्या बिलावर अवलंबून. आणि पाटसचा 'भीमा' काय किंवा न्हावऱ्याचा 'घोडगंगा' काय, दोन्ही सहकारी कारखान्यांनी अलीकडे गाळपाविना गेलेले हंगाम पाहिले आहेत. बिल थकले, की शेतकरी आधी सोसायटीची बाकी पाहतो, मग मुलाची फी, मग दुकानदार. विम्याचा हप्ता या रांगेत शेवटी उभा असतो, आणि त्याची पाळी येईपर्यंत पॉलिसी 'लॅप्स' झालेली असते.

मार्च महिन्यातील शतकांना तर मुळातच कसर लागलेली असते. वर्ष संपावयास आठ दिवस उरले, क्लबाला सात पॉलिसी कमी पडत आहेत, विकास अधिकाऱ्याचा दिवसातून तीनदा दूरध्वनी येत आहे; अशा वेळी प्रतिनिधी ओळखीच्या माणसाला म्हणतो, "तुम्ही फक्त सही करा, पहिला हप्ता माझा." १९३८ च्या विमा कायद्याचे ४१ वे कलम अशी सूट देणाऱ्यालाच नव्हे, तर घेणाऱ्यालाही मनाई करते, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठीचा दंड १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हे कलम अर्जाच्या पाठीवर छापलेले असते. जेथे सही करावयाची, त्याच कागदावर ते असते, आणि सही करणारा व करविणारा दोघेही ते उलटून पाहत नाहीत. अशा पॉलिसीचा दुसरा हप्ता भरण्याचे कोणालाच कारण नसते, कारण पहिल्यानेच दोघांचे काम झालेले असते. पहिल्या हप्त्याचा भार उचलून जो 'शतकवीर' झाला, त्याच्या शतकाची किंमत त्याने स्वतःच्या कमिशनातून चुकविलेली असते. कमाईचा आकडा सांगताना तो ही वजाबाकी सांगत नाही, इतकेच.

कोणी म्हणेल, माणसाने आपली मिळकत थोडी फुगवून सांगितली तर तुमचे काय गेले? लग्नाच्या बाजारात सगळेच सांगतात. मला वाटते, प्रतिनिधीची बढाई आणि वराची बढाई यांत एक भेद आहे. वराच्या बढाईने एक घर फसते; प्रतिनिधीच्या बढाईचे दोन उपयोग केले जातात, नवे प्रतिनिधी ओढण्यासाठी आणि नवे विमेदार बांधण्यासाठी, आणि दोन्ही ठिकाणी ती तारण म्हणून वापरली जाते. 'एवढे मिळविणारा माणूस खोटे कशाला सांगेल' हा विचार करूनच सही होते.

आणि बढाईवर उभारलेल्या विमा व्यवसायाचे फळ या देशाने एकदा चाखलेले आहे. सातारच्या अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली 'वेस्टर्न इंडिया' ही विमा कंपनी काढली, तेव्हापासून मराठी मुलखात विम्याचा प्रसार करणाऱ्या सचोटीच्या माणसांची एक परंपरा होती हे निर्विवाद; परंतु देशभर कंपन्यांचे पेव फुटले, नवा व्यवसाय दाखविण्याच्या चढाओढीत खर्च हाताबाहेर गेला, आणि १९ जानेवारी १९५६ रोजी आकाशवाणीवरून राष्ट्रीयीकरणाची घोषणा करताना अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांना सांगावे लागले, की गेल्या दहा वर्षांत पंचवीस कंपन्या दिवाळ्यात निघाल्या आणि तितक्याच कंपन्यांचा कारभार, पुंजी उधळली गेल्यामुळे, इतरांच्या गळ्यात बांधावा लागला. १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळ स्थापन झाले तेव्हा २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. त्यांपैकी बहुतेकांच्या वार्षिक अहवालात 'नवा व्यवसाय' हे सदर मोठ्या अक्षरांत असणार, हे मी न पाहताही सांगतो.

शिरूर-दौंडच्या माणसाला कागदाच्या मागे जाण्याचे महत्त्व कोणी शिकवावे, अशी खरे तर परिस्थिती नाही. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानी जाणे बंद, न्हावी बंद, पाणी बंद. पुढच्या मे महिन्यात, १८७५ च्या १२ तारखेस, सुप्याच्या बाजारी वणवा पेटला. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, ज्यात आजच्या दौंडचा मुलूखही मोडे, आणि शिरूरकडेही, लोकांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे व वह्या बाहेर काढून जाळल्या. माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा कागदावर उठलेले ते बंड होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायाधीशाला एक असाधारण अधिकार दिला : रोख्यावर लिहिलेला आकडा अंतिम न मानता त्या व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासणे, मुद्दल किती, व्याज किती, व्याजावरचे व्याज किती, वसूल किती, हे सर्व उकलून मग काय ते देणे ठरविणे. रोख्यावर तीनशे लिहिले असतील, पण हाती किती पडले होते? मांडवगणच्या मुलीचा प्रश्न हाच, उलट्या अंगाने विचारलेला : व्यासपीठावर दीड लाख म्हणता, पण हाती किती पडतात?

त्या वेळच्या कुळाला न्यायालयात जावे लागे. आज अर्धा मिनिट पुरेल. वर्षाला २० हजारांहून अधिक कमिशन देताना कंपनी मुळातच कर कापून घेते आणि त्याची नोंद आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात, ज्याला सारे '२६ एएस' म्हणून ओळखतात, प्रतिनिधीच्या नावे होते. २०२५ च्या एप्रिलपासून हा दर दोन टक्के आहे. तेव्हा गणिताच्या मास्तराला सुखावणारी गोष्ट अशी, की कापलेल्या कराला पन्नासाने गुणले, की वर्षाचे कमिशन रुपयांत हाती येते. त्याला बाराने भागावे. दरमहा दीड लाख मिळविणाऱ्याच्या विवरणात वर्षाला ३६ हजारांची कपात दिसलीच पाहिजे. विवरण मोबाइलवर उघडते. ज्या मोबाइलवर बँकॉकची छायाचित्रे आहेत, त्याच मोबाइलवर.

यापुढे ज्या ज्या सभेत उत्पन्नाचा आकडा सांगून तरुणांना या व्यवसायात बोलाविले जाईल, त्या सभेत हे विवरण पडद्यावर दाखवावे, आणि त्यासोबत, पाच वर्षांपूर्वी विकलेल्या पॉलिसींपैकी आज किती चालू आहेत हा आकडा व त्यांपैकी किती स्वतःच्या घरातल्या आहेत हा तपशील द्यावा, अशी माझी सूचना आहे. विमा योजनेच्या जाहिरातीला नियामक प्राधिकरणाची बंधने आहेत. प्रतिनिधीच्या कमाईच्या जाहिरातीला, जी मंगल कार्यालयातील ध्वनिक्षेपकावरून होते, ती लागू झालेली मी पाहिली नाहीत. आणि महामंडळाने काय किंवा खासगी कंपन्यांनी काय, सरासरीऐवजी शाखेगणिक उत्पन्नाची उतरंड प्रसिद्ध करावी : पहिल्या वर्षाचे निम्मे प्रतिनिधी किती मिळवितात, तिसऱ्या वर्षी किती टिकतात. संगणकात हे सर्व आहे. फक्त ते बाहेर काढण्यात कोणाचे हित नाही.

हे आज निकडीचे का, तर आता या वाटेवर आमच्या खेड्यांतील स्त्रिया उतरत आहेत. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे पंतप्रधानांच्या हस्ते 'विमा सखी' योजनेचा आरंभ झाला. अठरा ते सत्तर वयाच्या, दहावी झालेल्या स्त्रियांना पहिल्या वर्षी दरमहा ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार, तिसऱ्या वर्षी ५ हजार विद्यावेतन, आणि शिवाय कमिशन. तीन वर्षांचे विद्यावेतन पुरे मिळाले तर २ लाख १६ हजार होते, आणि वस्तीवरच्या घरात ही रक्कम लहान नव्हे. पण ते पगार नव्हे. त्याला वर्षाकाठी विमा उतरविलेले २४ जीव आणि ४८ हजारांचे पहिल्या वर्षीचे कमिशन अशी अट आहे. तीनशे उंबऱ्यांच्या गावात एकीने तीन वर्षे ही अट पाळली तर बहात्तर जीव झाले; त्याच गावात तिघी असतील तर दोनशे सोळा. मग चौथी कोणाच्या दारी जाईल? माहेरी, सासरी, बचत गटात. आणि बचत गटातील मैत्रिणीची पॉलिसी बुडाली, की मैत्री आधी बुडते. तथापि या योजनेत एक अट आहे, जिच्यासाठी मी तिच्या कर्त्यांना धन्यवाद देईन : पहिल्या वर्षी विकलेल्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू असतील, तरच दुसऱ्या वर्षीचे विद्यावेतन मिळते. नवशिकी सखी ज्या कसोटीला उतरावी असा आग्रह आहे, ती कसोटी फलकावरच्या शतकवीरांना आधी लावली असती, तर एप्रिलमध्ये शिरूरचे फलक पुष्कळ रिकामे दिसले असते.

प्रतिनिधीविरुद्ध लिहिणे सोपे आहे, आणि मी तेच करीत आहे असे कोणास वाटू नये. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, घरातला कर्ता गेला असता, तेराव्याच्या आत दाव्याचे कागद स्वतः भरून नेणारी माणसे मी पाहिली आहेत. मृत्यूच्या दाखल्यावरील नाव आणि पॉलिसीवरील नाव यांत एका काना-मात्रेचा फरक पडला म्हणून तहसील कचेरीत खेटे घालणारीही पाहिली आहेत. ती फलकावर नसतात.

त्यांच्यातले एक दौंडला राहतात. वय सत्तरीपलीकडे. लोको शेडच्या दिवसांपासून रेल्वेच्या माणसांत त्यांचे काम; त्या काळी हप्ता पगारातूनच कापला जाई, त्यामुळे वसुलीची कटकट नसे, पण बदली झाली की कपात थांबे आणि पॉलिसी गुपचूप मरे. मी त्यांच्याकडे गेलो तो याच लेखासाठी, आणि मांडवगणच्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला. ते हसले नाहीत. आत जाऊन त्यांनी लाल खारव्याची एक जाड वही आणली, आणि तिच्याबरोबर बँकेचे पासबुकही, जे मी मागितले नव्हते.

वहीत एका घराला एक पान. डावीकडे विमेदाराचे नाव, पॉलिसी क्रमांक, हप्त्याची तारीख. उजवीकडे भरण्याच्या नोंदी, निळ्या शाईत. जी पॉलिसी बुडाली, तिच्या नावाखाली लाल रेघ, आणि रेघेखाली कारण. मी पाने उलटीत गेलो. 'बदली, सोलापूर.' 'म्हैस गेली.' 'कारखान्याचे बिल नाही.' 'मुलीचे लग्न.' 'जावयाने चालू ठेवू दिली नाही.' आणि मध्येच, अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या वर्षांत, त्याच वळणदार अक्षरात : 'मी गेलो नाही.'

"अहो नाना, हे कशाला लिहिले?" मी विचारले.

"मग काय लिहू? कारण तेच होतं," ते म्हणाले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वही माझ्या हातातून हळूच काढून घेतली. कुरकुंभच्या एका घराचे सवलतीचे तीस दिवस त्या संध्याकाळी संपत होते. नवरा रासायनिक कारखान्यात, बायको फोन उचलीत नव्हती. ते पान त्यांनी मला दाखविले. शेवटची नोंद निळीच होती. त्यांनी बोटाने तेथे खूण घातली, वही पिशवीत टाकली, आणि शिरस्त्राण घालीत दुचाकी बाहेर काढली.